पाटावर बसलेला हेडगार्ड

मित्रांनो, मी एक जुना हेडगार्ड आहे. बॉक्सिंगच्या सरावात कपाळाला, भुवईला, गालाला लागू नये म्हणून डोक्यावर जो जाड टोप चढवतात, तोच मी. एके काळी लालभडक होतो, आता विटकरी झालो आहे. हनुवटीखालचा पट्टा मात्र अजून शाबूत आहे, आणि माझ्या वयात तेवढं पुष्कळ झालं. माझी कहाणी ऐकताना तुम्हाला माझा जळफळाटही ऐकावा लागेल. ज्याच्या नशिबी जन्मभर खुंटी आली, त्याने जळू नये तर काय करावं?

माझा जन्म जालंधरकडच्या एका कारखान्यातला. एका बाईने माझ्या गालांत फोम भरला, वरून रेक्झिन चढवलं आणि शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहिली. त्याच टेबलाच्या पलीकडे ग्लोव्हज शिवले जात होते. येणारा जाणारा त्यांना उचलून हातात घालून पाही, हवेत दोन ठोसे मारी आणि खूश होई. मला कुणी डोक्यावर घालून पाहिलं नाही. आमचं वैर तिथूनच सुरू झालं. म्हणजे वैर माझ्या बाजूनेच होतं, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पार्सलात बसून मी अकोल्याला आलो. इथे कापसाच्या एका जुन्या गोदामात नागसेन सर संध्याकाळचा हौशी वर्ग चालवतात. इथल्या कुणालाही पदक आणायचं नाही. कुणाला वजन उतरवायचं असतं, तर कुणाला दिवसभराचा राग. पण सरांचे नियम पक्के. हाताला पट्टी गुंडाळल्याशिवाय पिशवीला ठोसा मारायचा नाही. दातांवर गार्ड नसेल तर दोरीच्या आत, म्हणजे रिंगणात, पाय ठेवायचा नाही. समोरासमोर खेळायचं तर हलक्या हाताने, डोक्यावर हेडगार्ड घालून, आणि सर हॉलमध्ये हजर असतानाच. डोक्याला लागलं की खेळ तिथेच थांबला, मग लागलेला माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणत कितीही शपथा घेवो.

त्या नियमात माझं नाव आहे, हाच काय तो माझा मान. बाकी सगळा मान ग्लोव्हजचा. वर्गात विपुल म्हणून एक जण येतो. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने पिवळेधमक ग्लोव्हज आणले आणि माझी झोपच उडाली. ते उन्हात वाळवले जात, पुसले जात, मैत्रिणीला दाखवले जात. एकदा तर स्वारी त्यांना चिखलदऱ्याला घेऊन गेली आणि दरीच्या काठावर त्यांच्यासोबत फोटो काढून आली. मी मेळघाटाचं झाडसुद्धा पाहिलेलं नाही. माझ्याबरोबर फोटो कुणी काढत नाही, कारण मी असलो की चेहरा दिसत नाही. घामाचा वास येतो म्हणून लोक मला दोन बोटांनी उचलतात. विपुल मला ‘टोपडं’ म्हणतो. अकोल्याच्या मे महिन्यात माझ्या रेक्झिनला भेगा पडल्या, तेव्हाही तो हसत म्हणाला की टोपड्याला म्हातारपण आलं.

एकटी दामिनी तेवढी माझी. ती शाळेत गणित शिकवते. सराव संपला की ओल्या फडक्याने ती मला आतून पुसते आणि पंख्याखाली ठेवते. तिच्या डोक्यावर मी असा बसतो की जणू तिच्याच मापाने मला शिवलं असावं. पण तीसुद्धा येता-जाता त्या पिवळ्यांचं कौतुक करी, आणि माझ्या पोटात दुखायला लागे.

दरवर्षी दसऱ्याला वर्गात साहित्याची पूजा होते. पाट मांडतात, त्यावर ग्लोव्हज ठेवतात, हळद-कुंकू, झेंडूचा हार, आपट्याची पानं, सगळं साग्रसंगीत. मी खुंटीवरून ते बघायचो आणि मनातल्या मनात त्या हाराचं एकेक फूल तोडायचो. एकदा तरी तो हार आपल्याला मिळावा, एवढी एकच आस मी धरून होतो.

गेल्या दसऱ्याला ती पुरी झाली. दसऱ्याला नागसेन सर घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. किल्ली दामिनीकडे देताना त्यांनी बजावलं की पूजा करा, सोनं वाटा, पण मी नसताना दोरीच्या आत जाऊ नका. सकाळी दामिनीने पाट मांडला, पिवळे ग्लोव्हज ठेवले आणि मग तिची नजर खुंटीकडे गेली.

“याले कोणी इचारतच नाई बिचाऱ्याले,” ती म्हणाली आणि मला व शेजारच्या खुंटीवरच्या निळ्या हेडगार्डला खाली काढून पाटावर बसवलं. माझ्या कपाळावर कुंकू लागलं. हारही मलाच घातला. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मी त्या पिवळ्यांकडे असं पाहिलं की ते कागदाचे असते तर करपलेच असते.

सोनं देऊन-घेऊन झालं, पेढे खाऊन झाले, बाकीचे घरी गेले. मग विपुलला हुक्की आली की दसऱ्याचा एक राऊंड खेळू आणि त्याचा व्हिडिओ काढू. दामिनीने सरांच्या शब्दांची आठवण करून दिली. तो म्हणाला की आपण काय मारामारी करणार आहोत का, नुसतं हलकं हलकं. सणाचा दिवस होता, ती विरघळली. दोघांनी पेटीतले जुने ग्लोव्हज काढले. दोरीच्या आत जाता जाता ती थबकली आणि तिने माझ्याकडे बघितलं.

“पूजेतला आज कसा उचलता, ताई?” विपुल म्हणाला. “राहू द्या.”

आमच्याकडे पूजेत बसलेली वस्तू त्या दिवशी कुणी हलवत नाही. कास्तकार त्या दिवशी विळासुद्धा उचलत नाही. दामिनीला ते पटलं. मी पाटावर बसून राहिलो, गळ्यात हार घालून.

ठोसा कुणी मारलाच नाही. दोघंही हसत खेळत होते. विपुल चकवायला खाली वाकला, नेमकी तीही त्याच बाजूला वाकली आणि डोक्यावर डोकं आदळलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला. दामिनीची भुवई फाटली आणि रक्त तिच्या पांढऱ्या कुडत्यावर ओघळलं. “मी ठीक आहो,” असं म्हणतच ती मटकन खाली बसली, कारण तिला गरगरत होतं. विपुलचं हसू कुठल्या कुठे पळालं. त्याने स्वच्छ टॉवेल जखमेवर दाबून धरला, ऑटो बोलावला आणि तिला दवाखान्यात नेलं. हॉलमध्ये मी, निळा आणि पिवळे उरलो. दोष त्यांच्या माथी मारावा असं मला फार वाटलं. पण ते बिचारे माझ्याच शेजारी पाटावर बसलेले होते.

सर नागपूरहून परतले तोवर पूजा तशीच होती, फक्त हार सुकला होता. दामिनी भुवईला पट्टी लावून बाकावर बसली होती. तिला टाके पडले होते आणि डॉक्टरांनी महिनाभर दोरीच्या आत जायला मनाई केली होती. घडलेलं सगळं विपुलने स्वतःच सांगितलं, मान खाली घालून. सरांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, “हेडगार्ड काहून नाई घातला?”

“पूजेत होता, सर,” दामिनी म्हणाली. “मीच बसवला होता. त्याले कोणी मान देत नाई म्हणून.”

सरांनी माझा हार काढला, ओल्या फडक्याने कुंकू पुसलं आणि मला हातात धरून म्हणाले, “याची पूजा डोक्शावर होते, दामिनी. पाटावर नाई.”

मग विपुलकडे वळून ते म्हणाले, “हा असता तं भुवई वाचली असती. पण गरगरणं यानं थांबलंच असतं असं नाई. म्हणून तं मी असल्याशिवाय खेळाचं नाई, समजलं?”

विपुलने मान हलवली. त्या दिवसापासून त्याने मला टोपडं म्हटलेलं नाही.

डॉक्टरांनी होकार दिल्यावरही सरांनी दामिनीला आधी नुसत्या दोरीच्या उड्याच मारायला लावल्या. मग एके संध्याकाळी तिने मला खुंटीवरून काढलं, डोक्यावर चढवलं, आणि भुवईवरचा तो व्रण माझ्या कडेखाली झाकला गेला. तिने पट्टा आवळला. त्या क्षणी मला चिखलदराही नको होता आणि फोटोही नको होता.

यंदाच्या दसऱ्याला पाटावर पुन्हा पिवळे ग्लोव्हज बसले, आम्ही दोघे खुंटीवरच राहिलो. हार पाहून मी जळलो का? जळलो, मित्रांनो. जित्याची खोड आहे ती. पण माझ्या एका शिवणीत तेव्हाचं कुंकू अजून अडकलेलं आहे, आणि त्याचा रंग मला त्या कुडत्याची आठवण करून देतो. म्हणून तुम्हाला एक विनवणी आहे. खेळायला जाल तेव्हा मला पुसा, वाळवा, भेगा पडल्या तर बदला, शिकवणारं माणूस समोर असल्याशिवाय हात उगारू नका. सण असो नाहीतर साधा सोमवार, मला हार घालू नका. पट्टा आवळा.