टांटे हर्मिनाच्या रुमालाची घडी

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. वजनाने दणकट आणि स्वभावाने तापट. रॉटरडॅमच्या दक्षिण भागातल्या एका लाँड्रीत माझी उमेदवारी झाली. आमची वस्ती गोदी कामगारांची. आधी खेड्यांतून आलेले डच, मग तुर्की, मग सुरिनामी. सगळ्यांचे सदरे माझ्याखालून गेले. लाँड्री बंद पडली तेव्हा तिथे काम करणाऱ्या लूसियाने मला घरी नेलं.

लूसिया सुरिनामची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीची. तिची आजी तिथल्या मळ्यावर गुलामगिरीत जन्मली होती. १ जुलै १८६३ ला डच सरकारने गुलामांना मुक्त केलं, आणि वर आणखी दहा वर्षं मळ्यावर राबायला लावलं! मालकासमोर तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून बायका डोक्यावरच्या रुमालाच्या घडीतून मनातलं सांगत. त्या रुमालाला आंगिसा म्हणतात. आजीची घडी लूसियाच्या हातात आली. दर १ जुलैला केटी कोटी, म्हणजे तुटलेल्या साखळ्यांचा सण. त्यासाठी ती रुमालाला कडक खळ द्यायची, मी तो सपाट करायचे, मग ती घडी घालून टाचण्या लावायची. त्या दिवशी माझा थाट काय विचारता!

लूसिया १९९४ साली गेली. तिच्या मुलीला, हर्मिनाला, गल्लीत सगळे टांटे म्हणतात, म्हणजे मावशी. आईच्या हातची शेवटची घडी टांटेने कधी मोडली नाही. वर्षातून एकदा टोपीसारखी डोक्यावर ठेवायची आणि परत डब्यात. मी कपाटात पडून राहिले. वाईट वाटायचं, राग तर फारच यायचा.

मग करोना आला. टांटे त्यातून उठली, पण तिचे हात थरथरू लागले. खालच्या मजल्यावर पुण्याची सुमेधा राहायची. तिचा नवरा विनय आयटीतला. वर इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी, असा दिवसभर कॉलवर. सुमेधा टांटेचा किराणा जिन्यात ठेवायची. २०२१ च्या जूनमध्ये टांटेने सणाचा घागरा तिच्याकडे धुवायला दिला आणि सोबत मला. पिशवीच्या तळाशी चुकून आंगिसाही गेला.

"बाई गं, किती चुरगळलाय हा!" सुमेधा म्हणाली. तिने टाचण्या काढल्या, रुमाल धुतला आणि आई सुती साड्यांना द्यायची तशी भाताच्या पेजेची खळ दिली. आणि मित्रांनो, मी स्वतः तो सपाट केला. एकेक कोपरा माझ्या ओळखीचा होता. पण आम्हाला बोलता कुठे येतं?

चौकोनी रुमाल पाहून टांटे जिन्यातच बसली. "ती माझ्या आईच्या हातची घडी होती, पोरी."

सुमेधाला रडू फुटलं. "सॉरी टांटे, मला खरंच कळलं नाही हो. तुम्ही फक्त सांगा, मी घालून देते."

दीड मीटरचा नियम होता. टांटे वरच्या पायरीवर, सुमेधा मास्क लावून पाच पायऱ्या खाली, मांडीवर रुमाल. आठवडाभर हा वर्ग चालला. दोन कोपरे जमले. तिसरा टांटेला आठवेना.

"मी आईला कधी विचारलंच नाही," ती म्हणाली. "वाटायचं, आहे की डब्यात."

शेवटी सुमेधाने तो कोपरा नऊवारीचा काष्टा खोचतात तसा मागे खोचून टाकला. त्या १ जुलैला आमच्या गल्लीत मिरवणूक नव्हती. टांटे रुमाल घालून खिडकीत उभी राहिली आणि खालून शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती हसत होती, पण घडी आईची नाही हे तिला ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी, सणाच्या आठ दिवस आधी, टांटेने सुमेधाला घरात बोलावलं. मी टेबलावर होतेच. टांटेने थरथरत्या बोटांनी गेल्या वर्षीच्या घडीची एकेक टाचणी काढली आणि घडी स्वतःच पाण्यात सोडली.

"अहो टांटे!" सुमेधा ओरडली.

"पुन्हा घालू," टांटे म्हणाली. "उद्या गल्लीतल्या पोरींनाही बोलाव. त्यांच्याकडून घालून घेऊ."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा, तुम्ही हे कसं करता? आणि तुमच्या हातांना ते येईपर्यंत तिथून उठू नका.