मंडईचं पान

आमची कंपनी कशी वाढली हे विचारायला अधूनमधून कॉलेजची पोरं येतात. भोजराज सर त्यांना खुर्च्या देतात, चहा मागवतात आणि 'व्हिजन' या शब्दापासून सुरुवात करतात. मी मागच्या टेबलावर काम करता करता दातओठ खात असते. मी या कंपनीची पहिली नोकर आहे. इथं व्हिजन-बिजन कधी आलं नाही. इथं आली ती मंडई.

दिवाळी झाली की आमच्या अर्जुनी मोरगावच्या भागात गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, जिलेबी आणि रात्री मंडपात नाटक. नाटकाच्या आधी उद्घाटन. त्या उद्घाटनाच्या पत्रिकेवर उद्घाटक असतो, सहउद्घाटक असतो, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी असतात, आणि ज्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही ते 'प्रमुख उपस्थिती'त जातात. सगळ्यांचे फोटो असतात. नाटकाचं नाव असतं कुठेतरी खाली. ज्यानं नाटक लिहिलं त्याचं नाव शोधायला चष्मा लागतो.

तेव्हा सर सर नव्हते, भोजराजभाऊ होते. बसस्टँडसमोर त्यांचं मोबाईल रिचार्जचं दुकान होतं. गोंदियाहून कॉम्प्युटरचं शिकून मी गावी परतले, तर त्यांनी मला एका स्टुलावर बसवलं आणि दुकानाच्या पाटीखाली दुसरी पाटी लावली, 'झाडी वेब सोल्युशन्स'. पहिलं गिऱ्हाईक राईस मिलवाले केशोराव. त्यांची वेबसाइट मी जीव लावून बनवली. तांदळाचे प्रकार, भाव, मिलचा पत्ता आणि फोन नंबर, सगळं दोन मिनिटांत सापडेल असं. केशोरावांनी ती वरपासून खालपर्यंत पाहिली.

"बराबर आहे," ते म्हणाले. "पन उद्घाटन कधी?"

"वेबसाइटचं उद्घाटन नसते काका," भोजराजभाऊ म्हणाले. "ते चालू झाली ना."

"माह्या मिलचं उद्घाटन झालं, बोअरचं झालं, पोराच्या मोटारसायकलले बी नारळ फोडला. अन् हे उगामुगा चालू झाली? काऊन, चोरीची आहे का?"

भाऊंचा साळा योगराज मंडप-डेकोरेशनचा धंदा करायचा, त्याच्याकडे मोठा स्क्रीन होता. मग काय, मंडईच्या संध्याकाळी नाटकाच्या आधी केशोरावांच्या वेबसाइटचं लोकार्पण ठरलं. टेबलावर झेंडूच्या पाकळ्यांमध्ये एक लाल बटण ठेवलं. ते बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. पाहुण्यानं बटण दाबलं की पडद्यामागे मी लॅपटॉपवर दाबायचं, आणि योगराजच्या माणसानं वरून कागदाचे तुकडे उडवायचे.

कार्यक्रम जोरात झाला. फक्त मंचावरून उतरता उतरता सहउद्घाटकांनी विचारलं, यात आमचा फोटो कुठं आहे?

दुसऱ्या दिवशी तांदळाच्या पोत्यांचा फोटो काढून तिथं उद्घाटक बसवले. भाव होते तिथं सहउद्घाटक आले. अध्यक्ष आणि दीपप्रज्वलक यांच्यासाठी मिलचा पत्ता हलवला. फोन नंबर मी शेवटपर्यंत वाचवला, पण विशेष अतिथींमध्ये एक जण वाढले आणि तोही गेला. साइटवर तांदळाचा एक दाणा उरला नाही. केशोराव मात्र बेहद्द खूश. "साइट भारी चालून रायली," असं ते भेटेल त्याला सांगायचे. तिच्यावरून त्यांना एकही फोन आला नाही. येणार कुठून, नंबर विशेष अतिथींच्या खाली दबला होता.

आणि कंपनी वाढली! ज्यांचे फोटो साइटवर लागले त्यांना स्वतःच्या साइटा हव्या झाल्या. त्यांच्या साइटांवर नवे पाहुणे आले, त्या पाहुण्यांनाही हव्या झाल्या. पतसंस्था, शाळा, खताची दुकानं, एक लॉन्ड्रीसुद्धा. आम्ही रिचार्जच्या दुकानातून पहिल्या मजल्यावर गेलो. एसी लागला आणि भाऊंचे सर झाले. योगराज डायरेक्टर झाला आणि त्याची मंडपवाली माणसं टी-शर्ट घालून 'टेक्निकल टीम' झाली. वेबसाइट बनवणारी मात्र मी एकटीच. कामाचा ढीग झाला म्हणून मी सोबतीला आणखी एक माणूस मागितला, तर कंपनीनं जनरेटर घेतला.

मी हे सगळं सहन केलं असतं. पण मग माझी माय मध्ये आली.

माझी माय, सुमित्राबाई, गावातल्या बायांचा बचत गट चालवते. त्या हिरानखी धान लावतात. तांदूळ असा, की एका घरी शिजला तर गल्लीला कळतं. पण तो व्यापाऱ्याकडे गेला की कशात तरी मिसळून, कोणत्या तरी नावाच्या पोत्यात भरून विकला जातो. मायला ते खुपायचं. "माहा तांदूळ माह्या नावानं विकाचा आहे मले," ती म्हणायची. गटानं त्या वर्षी तांदूळ व्यापाऱ्याला न देता घरात ठेवला. सगळी भिस्त माझ्या वेबसाइटवर होती. ही साइट चालली नाही, तर तांदळाला पोरकिडे लागणार होते आणि या बाया पुन्हा व्यापाऱ्याच्याच दारात जाऊन तो मागेल त्या भावात घालणार होत्या. इतकी वर्षं मी बनवलेल्या साइटांवरून कोणी काही विकत घेतलेलं मला ठाऊक नव्हतं. ही एक तरी खरी चालावी, एवढंच मला पाहिजे होतं.

सरांनी गटाच्या साइटच्या उद्घाटनाची पाहुण्यांची यादी माझ्या टेबलावर ठेवली. उद्घाटक म्हणून केशोराव. म्हणजे ज्या व्यापाऱ्याच्या तावडीतून तांदूळ सोडवायचा, तेच!

"सर, यात तांदूळ कुठं टाकू?" मी विचारलं.

"बाजूले टाक ना, डिझाइनमदी."

माझं डोकं फिरलं. "सर, आपल्या पूर्वजांनी गावोगावी तलाव बांधले म्हणता ना तुम्ही? भाषणात दरवेळी सांगता. त्या तलावांचा उद्घाटक कोण होता? सहउद्घाटक कोण? कुठं पाटी आहे का? तरी पानी आहेच ना त्यात!"

सर शांतपणे म्हणाले, "रेणू, तलावाले लाईक नाई लागत."

भांडून उपयोग नव्हता. मग मला एक गोष्ट सुचली, आणि ती आधी कशी सुचली नाही याचंच आश्चर्य वाटलं. पाहुणे साइट पाहतात ती मंडईच्या संध्याकाळी, मंचावरून, मोठ्या स्क्रीनवर. नंतर कोणी ढुंकूनही पाहत नाही. म्हणून मी दोन पानं बनवली. एक मंडईचं पान, त्यावर सगळे फोटो गोलात, हारासकट. दुसरं कामाचं पान, त्यावर तांदूळ, सूप हातात घेतलेल्या मायचा फोटो, फोन नंबर आणि मागणी नोंदवायची सोय.

मंडईच्या दिवशी मंचावर खुर्च्या कमी पडल्या. केशोरावांनी लाल बटण दाबलं, कागदाचे तुकडे उडाले, स्क्रीनवर ते स्वतःच प्रकटले आणि त्यांनी स्वतःलाच टाळ्या वाजवल्या. "महिलांनी समोर आलं पायजे," असं ते भाषणात म्हणाले. गटाच्या बाया तेव्हा मंचामागे पाहुण्यांसाठी चहा गाळून राहिल्या होत्या. माय ट्रे घेऊन आली, स्क्रीनकडे बघत थोडी थांबली आणि रिकामे कप गोळा करून परत गेली. मी पडद्यामागून पाहिलं, पण मला हसू येत होतं. उद्या सकाळी हे सगळे गोल गायब होणार होते.

सकाळी मी पानं बदलली. आठवडाभर काही झालं नाही. मग नागपूरहून एका बाईंचा फोन आला. मग त्यांच्या बहिणीचा, मग पुण्याहून एका हॉटेलवाल्याचा. होळीच्या आधी गटाचा सगळा तांदूळ संपला. पाकिटावर नाव होतं, 'सुमित्राबाई बचत गट, हिरानखी'. मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. योगराजला वाटलं माझं लग्न ठरलं.

सरांना दोन पानांची भानगड कळली तेव्हा मला वाटलं, नोकरी गेली. पण मोठी माणसं मोठी उगाच होत नाहीत. त्यांनी लगेच दोन पॅकेज काढली, 'मंडई' आणि 'मंडई प्लस काम'. गिऱ्हाइकं पहिलं घ्यायची. दुसऱ्याचं नाव काढलं की विचारायची, "काम कायले?"

पुढच्या धानाच्या वेळी माय ऑफिसात आली. एसीखाली पदर घट्ट ओढून बसली. मी तिला कामाचं पान दाखवलं, नवे फोटो दाखवले, पुण्याच्या हॉटेलवाल्यानं काय लिहिलं ते वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पन मंडईच्या त्याच्यावर माहा फोटू काऊन नोता?"

"माय, ते खोटं होतं. दाखवायचं पान. दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं मी. तुझा फोटो खऱ्या पानावर आहे ना!"

"खरं पान पुन्यावाले पायतेत. गावानं तं खोटंच पायलं."

मी तिलाही तलावाचं सांगायला गेले. म्हटलं, नावाचं काय घेऊन बसलीस, आपल्या लोकांनी तलाव बांधले, कुठं नावं टाकली?

"बरं," माय म्हणाली. "आपल्या गावचा तलाव कोनं बांधला? सांग एकाचं नाव. एका बाईचं सांग, जिनं माती वाह्यली."

मला एकही नाव सांगता आलं नाही. सरांना आलं नसतं, केशोरावांना आलं नसतं. कोणालाच आलं नसतं. मायनं पाणी प्यायलं आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेली. मला माझाच राग आला. एवढी हुशारी करून मी मायला तिथंच नेऊन बसवलं होतं, जिथून ती निघायला पाहत होती.

त्या वर्षी नव्या तांदळासाठी गटाच्या साइटचं पुन्हा लोकार्पण ठरलं; त्या मंडईचं पान मी आधी बनवलं आणि सरांना नंतर दाखवलं.

"उद्घाटक सुमित्राबाई? हे कोन?"

"माझी माय. तांदूळ तिचा आहे."

"ज्याचं काम त्यालेच मंचावर बसवाची पद्धत नाई रेणू. केशोराव नाराज होतीन."

मी म्हटलं, होऊ द्या. मग हेही म्हटलं, की केशोरावांच्या, पतसंस्थेच्या आणि लॉन्ड्रीच्याही साइटचे पासवर्ड माझ्याकडे आहेत, आणि टेक्निकल टीमला फक्त कागदाचे तुकडे उडवता येतात. सरांनी एसी वाढवला आणि केशोरावांना सहउद्घाटक केलं.

माय हिरवं लुगडं नेसून मंचावर चढली. लाल बटण तिनं दोन्ही हातांनी दाबलं, कारण तिला वाटलं ते जड असेल. स्क्रीनवर सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या गोलात ती आली. मंचामागे चहा गाळणाऱ्या बाया कप टाकून पुढं धावल्या आणि अशा ओरडल्या, की नाटकवाले मेकअप अर्धवट सोडून बघायला बाहेर आले.

खाली उतरल्यावर माय मला म्हणाली, "तोंड लय मोठं दिसून रायलं माहं." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हे किती दिस रायते?"

मंडईचं पान दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचं असतं, हा माझाच नियम. मी ते अजून काढलेलं नाही.