लाल टॅग

मंगळवारी सकाळी लेकीच्या डब्यात पोळीचा रोल भरता भरता सुवर्णानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाहिलं. पलीकडच्या घरातली आश्लेषा रिसायकलिंगच्या मोठ्या निळ्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून काहीतरी उपसत होती. सुवर्णानं फोन उचलला आणि फोटो काढला.

अमेरिकेतल्या रेडमंड शहरातल्या त्या कॉम्प्लेक्सच्या एका रांगेत आठ घरं, त्यातली सहा मराठी. तीन महिन्यांपूर्वी मॅनेजमेंटनं योजना काढली होती. रांगेचा कचरा कमी झाला आणि रिसायकलिंग स्वच्छ राहिलं, तर प्रत्येक घराला मासिक फीमध्ये सूट. निळ्या डब्यात नको ते सापडलं, तर डब्याला लाल टॅग आणि सगळ्यांचीच सूट रद्द. पहिला महिना लोकांनी हौसेनं दह्याचे डबे धुतले. मग टॅग लागला. पुढच्या महिन्यात पुन्हा लागला. त्या सवलतीवाचून कुणाचं अडत नव्हतं; पण एका घरापायी इतरांनी का भोगायचं, हे डोक्यात शिरलं आणि माणसं एकमेकांच्या पिशव्यांकडे निरखून बघू लागली.

हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकाच दाराशी जाऊन थांबल्या. आश्लेषा आणि निमिष नागपूरचे, दोघंही सॉफ्टवेअरमधले, वर्षभरापूर्वी राहायला आलेले. पहिल्याच भेटीत शेजारच्या राधिकानं त्यांचं आडनाव दोनदा विचारलं होतं आणि हॉलमधला निळ्या कोटातला फोटो पाहून अर्धा चहा ठेवून ती उठली होती. तेव्हापासून हळदीकुंकवाच्या यादीतून ते घर दर वेळी ‘चुकून’ राहून जाई.

सुवर्णानं फोटो शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. राधिकानं लगेच लिहिलं, "मला डाउट होताच यार. सवयी जात नाहीत."

रात्री जेवताना सुवर्णाचे सासरे मनोहरराव, सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेले, सात वर्षांच्या नातीसमोर, प्रीतासमोर, म्हणाले, "पिढ्यान्‌पिढ्या त्यातच हात. अमेरिकेत आले म्हणून काय सुटणार?" सुवर्णाला ते खटकलं. पण ती त्यांच्या पानात भात वाढत राहिली.

गुरुवारी खेळायच्या जागेत आश्लेषाची मुलगी केया प्रीताच्या सायकलला हात लावायला गेली. बाकावर बसलेल्या सुवर्णानं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"डोन्ट टच इट. युअर मॉम टचेस ट्रॅश. आजोबा सेज यू पीपल ऑल्वेज डू."

केयानं आपले तळवे पाहिले आणि हळूच फ्रॉकला पुसले.

सुवर्णा लेकीचा हात धरून घरी आली. रागवायला तोंड उघडेना. पुढच्या मंगळवारी त्या बाईला रंगेहाथ धरायचं, असं तिनं ठरवलं. संशय खरा निघाला की ही बोच राहणार नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

मंगळवारी ती तरातरा खाली उतरली. "आश्लेषा, काय चाललंय हे?"

आश्लेषा दचकली नाही. हातमोजे घातलेल्या हातांनी तिनं एक फाटकी पिशवी पुढे धरली. आत कोमेजलेली शेवंती, तेलकट वाती, उदबत्तीच्या काड्या. भिजलेला पुठ्ठा त्याला चिकटलेला. पिशवी औषधांच्या दुकानाची होती आणि लेबलवर मनोहररावांचं नाव.

"दोन महिने झाले, ताई. हे दर आठवड्याला येतं. ट्रक यायच्या आत जमेल तेवढं मी काढते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विश्वास ठेवला असता?" आश्लेषानं शांतपणे विचारलं. "टॅग लागला की आधी आमच्या दाराकडे बघतात. म्हणून काढते. मला हौस नाही."

सुवर्णा पिशवी घेऊन वर आली. मनोहररावांना चुकल्यासारखं काहीच वाटलं नाही. "निर्माल्य काय त्या हाडं-खरकट्याच्या डब्यात टाकू? निळा डबा त्यातल्या त्यात स्वच्छ."

"बाबा, तो स्वच्छ ठेवायला ती बाई त्यात हात घालत होती. आणि आपण तिला अस्वच्छ म्हणालो."

शनिवारी क्लबहाउसमध्ये बैठक होती. आश्लेषाच्या घराविरुद्ध मॅनेजमेंटला पत्र द्यायचं ठरलं होतं. सुवर्णानं राधिकाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तेव्हा ती पुटपुटली, "अगं, काका वयस्कर आहेत. पत्र कॅन्सल करू. कुणाचं नाव घ्यायला नको."

"आश्लेषाचं घेताना हे सुचलं नव्हतं आपल्याला."

सुवर्णा सर्वांसमोर उभी राहिली. "टॅग आमच्या घरामुळे लागला. फोटो मी टाकला. खात्री न करता टाकला, कारण आपल्याला जे आधीच मानायचं होतं, ते त्यात दिसत होतं. ती दुसऱ्या आडनावाची असती तर मी आधी विचारलं असतं." दोघीजणी फोनमध्ये बघत राहिल्या. मागच्या खुर्च्यांवरून आश्लेषा आणि निमिष उठून गेले.

संध्याकाळी सुवर्णा प्रीताला घेऊन त्यांच्या दारात गेली. आश्लेषानं आत या म्हटलं नाही. "माझं राहू द्या, ताई. केयाला काय ऐकावं लागलं ते तिलाच विचारा." तिनं केयाला पुढे बोलावलं.

प्रीता खाली मान घालून म्हणाली, "आय ॲम सॉरी. विल यू प्ले?"

केयानं तिच्याकडे पाहिलं. "नॉट टुडे," ती म्हणाली. दार हळूच लागलं.

पायऱ्या उतरताना प्रीतानं विचारलं, "आई, शी डिडन्ट फरगिव्ह मी?"

"माफ करायचं बंधन तिच्यावर नाही, बाळा. सुधारायचं बंधन आपल्यावर आहे."

घरी मनोहरराव जेवायला थांबले होते. सुवर्णानं पानं घेतली नाहीत. आधी त्यांच्या समोरची खुर्ची ओढून ती बसली, प्रीताला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "बाबा, त्या दिवशी या टेबलावर तुम्ही जे बोललात आणि मी ऐकून घेतलं, ते खोटं होतं. हे मला हिच्यासमोर सांगायचंय."