डिकॉक्शन कुणाचं

दोन वर्षं मी डोंगरावर दगडाआड बसून चोरी करत होतो आणि बाहेर येऊन शाबासकी घेत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझ्याबद्दल माया वाटायला नको.

चेन्नईत आम्हा मराठी लोकांचा एक गट आहे. बँकवाले, रेल्वेवाले, आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले, कॉम्प्युटरवाली पोरं आणि श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात लाइनवर उभा राहणारा मी. दोनेक महिन्यांनी पाठीवर सॅक टाकून आम्ही एखाद्या डोंगरावर जातो, तंबूत झोपतो आणि सकाळी उठून हवेचं कौतुक करतो. मग मी कॉफी करतो. म्हणजे करायचो.

त्याची एक पद्धत होती. सॅकमधून पितळी फिल्टर काढायचा, पंच्याने पुसायचा, सगळ्यांना दिसेल असा दगडावर ठेवायचा आणि म्हणायचं, "आता तासभर इकडे कुणी फिरकू नका. डिकॉक्शनला गडबड चालत नाही." लोक बिचारे सूर्योदय बघायला जायचे. मी फिल्टर उचलून दगडाआड जायचो आणि सॅकच्या तळातून थर्मास काढायचो. त्यात कनकाने, म्हणजे माझ्या बायकोने, निघायच्या आधी घरी पाडलेलं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून थेंबथेंब गळलेला कॉफीचा अर्क, असायचं. पाणी उकळलं, दुधाची पावडर कालवली, थर्मास ओतला, संपलं. उरलेला पाऊण तास मी मोबाइलवर रमी खेळायचो. लोक परतले की कपाळावर घाम असल्यासारखं तोंड करायचो.

मी बार्शीचा. आमच्याकडे कॉफी फक्त कुणी आजारी पडलं तर. कनकाचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेलं आणि पुढे इथे चेन्नईत मैलापूरला आलेलं. ती शाळेत गणित शिकवते. मराठी बोलते ते जुनं, मध्येमध्ये तमिळ, आणि कॉफीला कापी म्हणते. ती फिल्टर लावते तेव्हा मी समोर पेपर वाचत असतो. लग्नाला चौदा वर्षं झाली, एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं.

आता माझा राग सांगतो. चार वर्षांपूर्वी कारखान्यात मी सूचनापेटीत एक सूचना टाकली होती. सुट्या भागांचा ट्रे थोडा तिरका लावा, म्हणजे माणसाला दर मिनिटाला वाकावं लागणार नाही. ट्रे तिरका झाला. बक्षिसाचा प्रेशर कुकर आणि बोर्डावरचा फोटो मात्र सुपरवायझरला मिळाला. ही गोष्ट मी बसमध्ये सांगितली, युनियनमध्ये सांगितली, गटात प्रत्येक सहलीला सांगितली. जेवताना कनकाला तर इतक्यांदा सांगितली की ती सांबार वाढता वाढता पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणायची. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, यावर मी तासभर बोलू शकतो. दगडाआड बसूनसुद्धा बोलू शकतो.

गटाची ऊर्मी रेल्वेत हिशेबनीस आहे आणि गटाचा छोटा वार्षिक अंकही काढते. तिचा फोन आला. "रविकांतदादा, सहलीवर चांगली कॉफी कशी करावी, यावर लिहा ना. आणि पुढच्या सहलीला सगळ्यांसमोर करून दाखवा."

नाही म्हणायला पाहिजे होतं. मी लिहिलं. चौदा मुद्दे. कनकाला आडून आडून विचारायचो, "पावडर कोणती गं? चिकोरी किती?" ती सांगायची आणि मी बाथरूममध्ये जाऊन लिहून ठेवायचो. जे विचारायला लाज वाटली ते मनाने घातलं. लेख माझ्या फोटोसकट छापून आला. फोटोत फिल्टर माझ्या हातात होता.

कनकाला देवनागरी सावकाश वाचता येतं. रविवारी दुपारी ओळीखाली बोट धरून तिने अख्खा लेख वाचला. मी समोर बसून नखं कापत होतो, सगळी कापून झाली तरी कापत होतो.

"सातवा मुद्दा चुकलाय," ती म्हणाली.

"छपाईची चूक असेल."

"आणि माझं नाव कुठें नाही."

"अगं, गटातलं घरगुती काम. त्यात नावं कसली घालायची?"

"तुमचं आहे की. फोटोसुद्धा आहे." तिने अंक नीट घडी करून ठेवला. "त्या ट्रेवर कुणाचं नाव होतं म्हणायचात?"

चार वर्षांत पहिल्यांदाच त्या विषयावर गप्प बसलो.

"सरी, ठीक आहे. या वेळी मी येतें. थर्मास देत नाही. तुम्ही लिहिलांत तसंच तिथें करा. मी तोंड उघडणार नाही. सांगायचं तर तुम्हीच सांगा सगळ्यांना. नाही सांगितलंत तर पुन्हा माझ्याकडे डिकॉक्शन मागूं नका. सहलीला नाही, घरीं पण नाही."

ही गणिताची बाई. एकदा मांडलं की मांडलं. माझ्यापुढे सरळ दोन रस्ते होते आणि मी तिसरा शोधायला लागलो. म्हणजे डोंगरावर कॉफी खरोखरच चांगली करायची. मग सांगायची वेळच येणार नाही.

जवाधूच्या डोंगरावर सकाळी सहाला सगळे माझ्याभोवती गोल करून बसले. सूर्याकडे पाठ. ऊर्मी अंक उघडून मुद्दे मोठ्याने वाचत होती. कनका जरा मागे, गुडघ्याला हात बांधून बसली होती. मी पावडर घातली.

"मुद्दा सात," ऊर्मीने वाचलं. "पावडर अंगठ्याने दाबून विटेसारखी घट्ट बसवावी."

मी दाबली. अंगठा पांढरा होईपर्यंत दाबली. वर दांडीची चकती ठेवून तीही दाबली. मग उकळतं पाणी ओतलं आणि झाकण लावलं.

दहा मिनिटांनी खालचं भांडं उघडलं. कोरडं. वीस मिनिटांनी उघडलं. तीन थेंब. चाळीस मिनिटांनी क्षितिज, आमच्यातला कॉम्प्युटरवाला, म्हणाला, "दादा, माझ्याकडे इन्स्टंटची पाकिटं आहेत. फक्त आठवण करून दिली."

"उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं," मी म्हणालो.

"मागच्या वेळी याहून उंच होतो," क्षितिज म्हणाला.

मग मी जे बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "या वेळी पावडर हिने आणली. दळण बारीक आलंय."

कनकाने माझ्याकडे बघितलंही नाही. पायाशी पडलेलं वाळकं पान उचललं आणि त्याचे बारीक बारीक तुकडे करायला लागली.

गिरीधरकाका आवडीला तीस वर्षं नोकरी केलेले. कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने बोलतात. "अरे, पण या वेळी हिने आणली, तर एरवी कोण आणतं?"

माणूस अगदी साधेपणाने विचारत होता. तेवढ्यानेच मी कोसळलो. म्हणालो, "एरवीही हीच आणते. डिकॉक्शनपण हीच पाडते. मी थर्मासमधून आणून दगडाआड ओततो. दोन वर्षं तुम्ही कनकाची कॉफी पिताय. लेखपण तिचाच. सातवा मुद्दा तेवढा माझा."

मी मान खाली घालून वाट बघत बसलो. शिव्या येतील, हसतील, गटातून काढतील. कशाचीही तयारी होती.

"हात्तिच्या," काका म्हणाले. "मग त्यात काय. घरातलं सगळं बायकोच करते. आमची शिदोरी काय मी बांधतो?"

"पण दादा, सगळ्यांसमोर कबूल करायला धाडस लागतं हं," ऊर्मी म्हणाली.

आणि त्या नालायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. क्षितिजने माझा फोटो काढला. खरं सांगतो, अर्धा सेकंद मला बरं वाटलं. छाती फुगलीसुद्धा असेल.

"बघा," कनका त्या सगळ्या आवाजात हळूच म्हणाली. "ह्याचं पण नाव तुमचंच झालं."

टाळ्या थांबल्या. मला वाटलं आता ही उठून तंबूत जाणार. उठली, पण फिल्टर उचलून ओढ्यावर गेली. माझी वीट चमच्याने उकरून टाकली, भांडं धुतलं, परत येऊन नवीन पावडर घातली. फिल्टर एकदा नुसता हलवला, चकती अलगद ठेवली, पाणी ओतलं. दाबलं काहीच नाही. "आता तास लागेल," ती म्हणाली. या वेळी ते खरं होतं.

"वहिनी, पुढच्या अंकात तुम्हीच लिहा," ऊर्मी म्हणाली. आवाज जरा उतरला होता.

"मला देवनागरी वाचायला येतं. लिहायला तमिळच बरं." तिने माझ्याकडे बोट केलं. "हे लिहून घेतील."

क्षितिजने वही दिली. मी दगडावर बसलो. दगडाआड नाही, दगडावर.

ती सांगत गेली. पावडर किती, पाणी किती, थांबायचं किती. मी एक वाक्य जरा सुधारून लिहिलं. सवयच.

"वाचा बघू," ती म्हणाली. मी वाचलं. "हें मी नाही म्हटलं. मी म्हटलं तसं लिहा."

खोडून तिचं लिहिलं. दोनदा लिहावं लागलं. फिल्टरमध्ये थेंब पडल्याचा आवाज यायला लागला होता आणि काकांनाही तो ऐकू आला म्हणे, पण काकांचं काही खरं नाही.

शेवटी विचारलं, "खाली नाव? आर. कनका?" इकडे आडनाव लावत नाहीत. नावाआधी बापाचं आद्याक्षर, लग्नानंतर बहुतेक नवऱ्याचं. तिच्या सगळ्या कागदांवर ते आर. माझं आहे.

"एस.," ती म्हणाली.

"एस. कुणाचं?" ऊर्मीने विचारलं.

"सेतुमाधव. माझे अप्पा. कापी त्यांनी शिकवली."

"अगं, पण बँकेत आर. आहे," मी म्हणालो.

"बँकेत असूं दे. कापीला एस."

मी लिहिलं. एस. कनका. मग तिने वही हातातून घेतली आणि ओळीखाली बोट धरून पहिल्यापासून वाचायला लागली.