हिरव्या चिठ्ठ्या

नणंद-भावजयीचं पटतं असं कुणाला सांगितलं तर लोक आधी हसतात आणि मग पुरावा मागतात. आमचा पुरावा एका खोलीत होता. दोन टेबलं, दोन संगणक, एक विजेची किटली आणि नऊ वर्षांची माहितीपुस्तकं. लिफ्ट बनवणारी एक कंपनी आम्हाला तिची पुस्तकं पाठवायची आणि आम्ही ती आपल्या भाषेत आणायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. तिला घरात सगळे बेबी म्हणतात. सेहेचाळीस वर्षांची बेबी. केस पांढरे झाले, पण नाव काही मोठं झालं नाही.

दोन्ही पडद्यांच्या खाली मी एकेक कागद चिकटवला होता : ‘काहीही विचारलं तर "नंतर" दाबा.’ त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी बेबीनं ब्राउझरला ‘हो’ म्हटलं आणि तो अपडेट होऊन आला तो ओळखू येईना. अक्षरं मुंगीएवढी, खुणा करून ठेवलेली पानं कुठं गेली देव जाणे, आणि आमची टाचणी बंद. जुना ब्राउझर परत बसवण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून आमच्याकडे कायदा एकच. अपडेट आलंय? नंतर. नवं रूप बघायचंय? नंतर. तुमचं मत द्या? नंतर.

"वहिनी, यमदूत दारात आला तरी तू त्याला नंतर म्हणशील," बेबी म्हणायची.

"म्हणेन. आणि तो जाईलही."

टाचणी म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचं एक अ‍ॅड-ऑन. कुठल्याही पानावर, कुठल्याही शब्दापाशी तिनं चिठ्ठी टोचता यायची. माझ्या चिठ्ठ्या पिवळ्या, बेबीच्या हिरव्या. खाती वेगळी, पासवर्ड वेगळे, पण एकीची चिठ्ठी दुसरीला दिसायची. एखादा शब्द का घेतला, का टाकला, कुठल्या मेकॅनिकनं फोनवर काय सांगितलं, सगळं त्यात. छापील पुस्तकात शेवटी ठरलेला शब्द तेवढा राहतो. त्यामागची भांडणं टाचणीत होती, आणि आमच्या धंद्यात भांडणं म्हणजेच भांडवल. सहा हजारांच्या वर चिठ्ठ्या होत्या. चार हजार तरी माझ्या.

ती टाचणी एका माणसानं एकट्यानं केली होती, फुकट दिली होती. मी त्याला कधी पाहिलं नाही, पण नऊ वर्षं आमचा पत्रव्यवहार होता. मला चिठ्ठीतलं अक्षर दिसत नाही असं मी एकदा लिहिलं, तर त्यानं चार दिवसांत अक्षर मोठं करायची सोय केली आणि कळवलं, ‘ताई, ही खास तुमच्यासाठी.’ घरच्या माणसांनी माझ्या डोळ्यांची इतकी काळजी केली नाही. मी त्याला टाचणीवाला म्हणायची आणि आपलाच समजायची.

गेल्या वर्षी कंपनीनं कळवलं की काम पाठवायचं त्यांचं पान यापुढे जुन्या ब्राउझरमध्ये उघडणार नाही. बेबीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं एका आठवड्यात तीन ब्राउझर आणून बसवले. एक वेगात चालायचा, पण संगणकाचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा. दुसरा तासातासाला विचारायचा, मला मुख्य करता का. तिसरा तुमची माहिती कुणाला देत नाही म्हणून फुशारकी मारायचा आणि कंपनीचं पानही उघडायचा नाही. टाचणी एकातही चालेना. शेवटी तह झाला. काम पाठवायला पंखावाला, बाकी सगळं जुन्यात.

"जगात नवीन टाचण्याही आहेत वहिनी," बेबी म्हणाली. "चिठ्ठ्या तिकडे हलवू. एक दिवसाचं काम आहे."

"नंतर."

मग तो मंगळवार आला. लिफ्टच्या पुस्तकाची नवी आवृत्ती बारा दिवसांत द्यायची होती. साडेतीनशे पानं, आणि प्रत्येक शब्द मागच्या आवृत्तीशी जुळायला हवा. लिफ्टच्या पुस्तकात शब्द चुकला तर कुणाचा तरी हात चाकात जातो. मी सकाळी जुना ब्राउझर उघडला. पान आलं, पण पान कोरं होतं. ना पिवळं, ना हिरवं. कोपऱ्यातलं टाचणीचं चित्रही गेलेलं. बंद केला, उघडला. संगणक बंद केला, सुरू केला. दुसरं पान उघडलं, दहावं उघडलं. सगळी विधवेच्या कपाळासारखी.

बेबी दारातून आत येत होती. तिच्या हातात दुधाची पिशवी होती.

"केलंस ना शेवटी?" मी म्हणाले. "दाबलंस ना अपडेट?"

"मी काही दाबलं नाही."

"खोटं बोलू नकोस. वर्षभर तुला तेच हवं होतं. जुना मोडला की वहिनी झक मारत नव्यावर येईल!"

तिनं दूध किटलीशेजारी ठेवलं, जागेवर जाऊन बसली आणि पंखावाला उघडून कामाला लागली. तो पंखा दिवसभर घरघरत राहिला. मला चोर सापडल्याची खात्री होती, कारण निर्दोष माणूस भांडतो आणि ही गप्प होती. संध्याकाळी मी नवऱ्याला फोनवर म्हणाले, "तुमच्या बहिणीनं केसानं गळा कापला माझा." तो म्हणाला, "बेबीनं? ती मुंगीसुद्धा मारत नाही." मी म्हणाले, "मुंगीच्या चार हजार चिठ्ठ्या नव्हत्या."

टाचणीवाल्याला मी लांबलचक पत्र लिहिलं. काय झालंय ते बघा, काही करा, तुमच्या ताईचं आयुष्य त्यात आहे. तो करणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

गुरुवारी उत्तर आलं. सुरुवात होती, ‘प्रिय वापरकर्ते’. खाली सही ‘मदत कक्ष’. टाचणी चार महिन्यांपूर्वी एका कंपनीनं विकत घेतली होती. जुन्या ब्राउझरसाठीची टाचणी सोमवारी रात्रीपासून बंद झाली होती आणि त्यावरच्या चिठ्ठ्या पुसल्या गेल्या होत्या, त्या परत मिळणं शक्य नव्हतं. म्हणजे यानं विकली. विकताना मला एक ओळ लिहिली नाही. नऊ वर्षं ‘ताई, ताई’ केलं आणि मला सामानाबरोबर देऊन टाकलं. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं, आणि मला लाज वाटली, की मी कुणा न पाहिलेल्या माणसासाठी रडतेय.

पण पत्र तिथं संपत नव्हतं. पुढचा परिच्छेद मी दोनदा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. ‘चिठ्ठ्या उतरवून घेण्याची सूचना आपल्या खात्यावर सलग चाळीस दिवस दाखवण्यात आली. प्रत्येक वेळी "नंतर" निवडण्यात आले. आपल्या गटातील दुसऱ्या खात्याच्या चिठ्ठ्या तिसऱ्या दिवशी उतरवून घेण्यात आल्या आहेत.’

चाळीस दिवस. सकाळी आल्या आल्या, चष्मा पर्समध्ये असतानाच, खाली चौकोन आला की मी तो घालवायची. माशी हाकलावी तसा. तो माझाच हात होता. आणि मंगळवारपासून मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते. पण मग ते शेवटचं वाक्य? हा संन्यासी तरी कुठला!

बेबी मागंच, तिच्या टेबलाशी बसली होती. मी वळले.

"तू तुझ्या काढून घेतल्यास?"

तिनं मान वर केली. "हो."

"चिठ्ठ्या जाणार हे तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि माझ्या?"

"तुझ्या काढायला तुझा पासवर्ड लागत होता. मी तुला सांगायला आले होते. म्हटलं, वहिनी, टाचणीचं काहीतरी आलंय, वाच. तू वर न बघता म्हणालीस, नंतर. दुसऱ्या दिवशी परत आले. तू कागदाकडे बोट दाखवलंस."

"बेबी, चाळीस दिवस होते! ओरडायचं होतंस. पडद्यावर हात मारायचा होतास. एरवी दूध उतू गेलं तर तू सगळी चाळ गोळा करतेस."

"तिसऱ्या दिवशीही आले होते," ती म्हणाली. "दारापर्यंत. तू फोनवर होतीस. कंपनीच्या साहेबांशी."

मला काहीच आठवेना. तिला सगळं आठवत होतं, आणि तिनं ते माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. "‘नाही हो, शब्दांचं सगळं मीच बघते. ती फक्त बटणं दाबण्यापुरती आहे.’"

किटली उकळून खट् करून बंद झाली. आम्ही दोघीही उठलो नाही.

म्हटलं असेल मी तसं. नाही, म्हटलंच होतं. आता तोंडात चवसुद्धा आली त्या वाक्याची. साहेबांनी विचारलं होतं की एखाद्या शब्दाबद्दल शंका असली तर दोघींपैकी कुणाला फोन करायचा, आणि मला ते ‘दोघींपैकी’ आवडलं नव्हतं.

"मी आत आले, माझ्या काढल्या," बेबी म्हणाली. "मग रोज बघत होते, तू वाचतेस का. बटणं दाबणारीनं आपलं बटण दाबलं, बस. तुझा नियम मी एकदाही मोडला नाही."

"रोज बघत होतीस?"

"रोज."

म्हणजे सदतीस दिवस ती माझ्या पाठीमागं बसून, चहाचा कप हातात धरून, माझं बोट ‘नंतर’वर जाताना बघत होती. मधल्या काळात आम्ही एकत्र जेवलो, माझ्या वाढदिवसाला तिनं मला चष्म्याची दोरी आणून दिली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. पण कुऱ्हाड कुणी धरली होती, हे मला सांगता येईना. आपलेच दात, आपलेच ओठ. मी खूप काही बोलणार होते. तोंडातून निघालं ते एवढंच, "दे त्या हिरव्या. काम तर संपवायचंय."

तिनं फाइल पाठवली आणि बाहेर गेली. गॅलरीत जाऊन उभी राहिली असावी, तिच्या चपला दारातच होत्या.

मी पंखावाला उघडला. पहिल्यांदाच, स्वतःच्या हातानं. त्यानं विचारलं, जुन्या ब्राउझरमधून काही आणायचं आहे का. मी ‘नाही’ दाबलं. मग ती फाइल उघडली. एकाखाली एक, दोन हजार एकशे चौदा हिरव्या चिठ्ठ्या. काही चिठ्ठ्या कामाच्या होत्या, चोख, माझ्यापेक्षाही चोख. मला वाटलं, भागेल यावर. मी शब्द शोधत खाली सरकू लागले.

‘वहिनीचं बरोबर. मी उगाच वाद घातला.’

तिच्या वर माझी पिवळी चिठ्ठी असणार, ती आता नव्हती. कशाबद्दल बरोबर? मी पुढं गेले.

‘वहिनी म्हणते तेच ठेवावं. मेकॅनिकला विचारलं, तोही हेच म्हणाला.’

‘वरच्या पिवळ्या चिठ्ठीसारखी चिठ्ठी मला जन्मात लिहिता येणार नाही.’

‘पटलं.’

‘हे वहिनीनं सांगितलं नसतं तर कुणीतरी मेलं असतं. कायम हेच ठेवावं.’

कुणीतरी मेलं असतं, आणि काय सांगितलं होतं मी? डोक्याला खूप ताण दिला. पान कुठलं, शब्द कुठला, ब्रेक होता की दार, काही म्हणजे काही आठवेना. अशा पानं भरून चिठ्ठ्या होत्या. नऊ वर्षं तिनं मला हो म्हटलं होतं. मी त्यातली एकही तेव्हा वाचली नव्हती. हिरवं दिसलं की, असेल काहीतरी बेबीचं, बघू नंतर.