मुंग्या न लागलेला डाग

सिनेमासाठी नकली रक्त बनवणाऱ्या रक्तवाल्याने अकरावी बाटली पांढऱ्या शर्टावर ओतली आणि तो दोन पावलं मागे सरकला. दिग्दर्शकाने गॉगल कपाळावर चढवला, शर्टाभोवती एक फेरी मारली, वास घेतला.

"सरबत आहे हे," तो म्हणाला. "माझा माणूस मरतोय. त्याच्याकडे पाहुणे आलेले नाहीत."

रक्तवाल्याने वहीत लिहिलं : अकरा, सरबत. दहाच्या पुढे 'टोमॅटो' होतं, नवाच्या पुढे 'लिपस्टिक'.

या दिग्दर्शकाच्या सिनेमात माणसं फार देखणी मरत. संथ गाण्यावर, इस्त्रीच्या कपड्यांत. अर्धं थिएटर टाळ्या वाजवायला उठे आणि अर्धं घरी जायला. म्हणजे उभं सगळंच राहतं, असं तो मुलाखतींत आवर्जून सांगायचा. रक्तवाल्याचे वडील पहिल्याच सिनेमाला दहाव्या मिनिटाला उठले होते, ते चपला घालूनच. तेव्हापासून मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की ते 'रंगकाम' म्हणत.

"आज नाही जमलं तर दुसरा माणूस बघतो," दिग्दर्शक म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस. घेतलंस तरी इथे उभा राहू नकोस, फ्रेम बिघडते."

रक्तवाला आवराआवर करू लागला. बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्याने घरच्या बाथरूममधला आपला कामाचा टॉवेल पिशवीत कोंबून आणला होता. टॉवेल पिशवीतून बाहेर निघाला, तसा दिग्दर्शक थबकला. त्याने तो दोन बोटांनी उचलला, खिडकीपाशी नेला आणि त्यावरच्या डागावरून बोट फिरवलं.

"हा," तो हळूच म्हणाला. "थकलेला लाल. कसा केलास हा?"

रक्तवाल्याने वही पुढून चाळली, मग मागून.

"घरी जाऊन बघावं लागेल."

"बघ. वीस लिटर लागेल."

घरी बायको बेसिन घासत होती.

"आलात? चार महिने घसा कोरडा करतेय, तुमचं रक्त इथे धुवू नका म्हणून. रोज सकाळी सॉरी म्हणता आणि दुसऱ्या दिवशी बेसिन पुन्हा तसंच!"

रोज सॉरी म्हणत होता, हे खरं. हात धुताना राहिलं असेल, असं त्याला वाटे. पण त्याने बनवलेल्या रक्तात साखरेचा पाक असे. थेंब सांडला की तासाभरात मुंग्यांची रांग. त्याने टॉवेल उलगडून उजेडात धरला. डाग चांगला जुना होता. मुंगी एकही नव्हती.

आतल्या खोलीत वडील शर्टाला बटण लावत बसले होते. टॉवेल दिसताच त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"बाबा, कधीपासून?"

"खोकला आहे रे. येतो, जातो."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"तुझ्या टॉवेलला पुसलं की कुणी काही विचारत नाही," वडील म्हणाले. मग ओशाळून हसले. "बोलणी मात्र तुला बसली. तेवढं चुकलंच माझं."

बाहेर घासण्याचा आवाज थांबला.

फोन वाजू लागला. रक्तवाल्याने नाव पाहिलं आणि तो तसाच वाजू दिला.

"साहेब ना तुझे? काय म्हणतायत?"

"रंग आवडला त्यांना."

"आवडला?" वडील सरसावून बसले. मुलाच्या निकालाच्या दिवशी ते असेच बसायचे. "मग उचल की!"

रक्तवाल्याने टॉवेलची घडी घातली, डाग आत जाईल अशी. पण डाग आरपार गेलेला, दुसऱ्या बाजूलाही दिसतच होता. त्याने घडी मोडली, पुन्हा घातली.

"वीस लिटर मागतायत," तो म्हणाला.

वडिलांनी सुईत दोरा घालायचा प्रयत्न केला. दोनदा चुकला.

"एवढं नाही व्हायचं रे माझ्याच्यानं," ते म्हणाले.