मिरजेच्या खोलीतली अकरा माणसं

नकाशावर मिरजेतली एक गल्ली लालभडक झाली आणि धैर्यशील साहेबांनी पेढे मागवले. किडनीच्या आजाराने जिल्ह्यात कुठे प्रमाणाबाहेर माणसं मरतात, हे शोधणारी गणिती पद्धत आमच्या जिल्हा आरोग्य कार्यालयाने नुकतीच बसवली होती, आणि हे तिचं पहिलं यश.

"लोकवस्तीच्या मानाने एखादा मृत्यू अपेक्षित, तिथे अकरा! हा योगायोग नव्हे, सोनिया," साहेब म्हणाले. कार्यालयाची माणसं गल्लीत गेली, नळाचं पाणी तपासलं, स्वच्छ निघालं. फाइल बंद.

मी फाइलमधला पत्ता वाचला, अकराही जणांचा एकच, आणि माझं डोकंच फिरलं. ती आमच्या धनाजीकाकाची खोली! जतकडच्या आमच्या गावातून डायलिसिसला येणारा प्रत्येक जण तिथेच उतरतो. माणूस गेला की मृत्यूनोंदणीच्या फॉर्मवर राहण्याचा पत्ताही तोच देतात. दाखला काकाच आणतो, गावाहून हेलपाटे वाचतात. माझ्या वडिलांच्या, बिराप्पांच्या फॉर्मवर तो मीच लिहिला होता. आकडेवारी शिकलेल्या पोरीने! स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

नकाशावर आमचं गाव पांढरं होतं, म्हणजे तिथे कुणी मेलंच नव्हतं. आणि वडील ज्या बोअरचं पाणी प्यायचे, त्याच बोअरचं आई अजून पीत होती.

"पत्ते चुकलेत, साहेब. ही सगळी आमच्या गावची माणसं. तिथलं बोअर तपासा."

"नातेवाइकांनी चुकीचे पत्ते दिले तर आम्ही काय करायचं? अहवाल वर गेलाय. पुरावा आण."

माणसाने निर्लज्ज असावं, पण किती! मी आईला फोनवर पेढ्यांसकट सगळं सांगितलं. तिने एकेक करून अकराही नावं विचारून घेतली.

तिसऱ्या दिवशी हरणाबाई, म्हणजे माझी आई, पहिल्या एसटीने आली. पिशवीतून अकरा रेशनकार्डं काढून तिने साहेबांच्या टेबलावर आपटली. मेलेल्यांची नावं कुणीच कमी केली नव्हती.

"आवं सायेब, वाचा. समदी आमच्याच गावात हायती अजून. पाणी कवा तपासणार?"

साहेब एकेक कार्ड उलटून पत्ता वाचू लागले. आई माझ्याकडे वळली.

"आन् तू गं? तुज्या बाला तूच मिरजेत ठिवलंस. आदी त्याला घरी आण."

साहेबांना न विचारता मी संगणकावर फाइल उघडली. आधी बिराप्पांचा पत्ता बदलला, मग उरलेल्या दहांचे. गल्ली पांढरी पडली, गाव लाल झालं. आईने पडद्याकडे बघितलं.

"आता मागवा म्हणावं त्यास्नी पेढं."